‘ब’ खोलीतले सर

"हा शेवटचा प्रश्न," मुख्याध्यापिकाबाई दारातून म्हणाल्या, "मग मुलं मत देतील."

विज्ञानाच्या सरांनी कपाळ पुसलं. मुलं सभागृहात बसून प्रश्न टाइप करत होती. ‘अ’ खोलीतून सर उत्तरं देत होते, ‘ब’ खोलीतून शिकवणारं नवं यंत्र. आवाज नाही, चेहरा नाही, पडद्यावर नुसती अक्षरं. त्यावरून खरे सर ओळखायचे. मुलं चुकली, तर पुढच्या वर्षीपासून वर्ग यंत्राकडे आणि सर घरी.

यंत्राला महिनाभर सरांचेच तास ऐकवले होते. त्यामुळे सरही इरेला पेटले होते. आज एक चूक करायची नाही, पांचट विनोद तर नाहीच नाही. शाळेची घंटा देणारी मावशी सकाळी पाण्याचा ग्लास ठेवताना म्हणाली, "सर, नेहमीसारखंच सांगा की." मग झाडू घेऊन ती शेजारच्या खोलीकडे वळली. हिला यातलं काय कळतंय, म्हणून सरांनी ते कानाआड केलं.

प्रश्न आला, ‘आभाळ निळं का?’ सरांनी व्याख्येसकट दहा ओळी लिहिल्या. काना-मात्रेचीही चूक नाही.

मग मतं झाली. मुख्याध्यापिकाबाईंनी येऊन सांगितलं, झाडून सगळे हात ‘ब’साठी वर.

सरांनी मान वळवून पडद्याकडे पाहिलं. तिथे आता ‘ब’चं उत्तरही दाखवलं होतं, ‘सांगतो. पण आधी खिडकीतून बघून ये, आज खरंच निळं आहे का. मी म्हणतो म्हणून मानू नकोस, घरीसुद्धा माझं कोणी मानत नाही.’

सरांना खुदकन हसू आलं. हे तर त्यांचंच बोलणं, त्यांचीच थट्टा. यंत्र सर झालं होतं आणि सर यंत्र होऊन बसले होते. नोकरी गेल्याचं दुःख होतंच, पण आपण पोरांच्या इतके ओळखीचे आहोत याचा आनंद त्याहून मोठा निघाला. हरलो तर हरलो, जिंकणाऱ्याची पाठ थोपटून जाऊ, म्हणून ते उठले.

निकाल लागला तरी पोरांचे प्रश्न थांबले नव्हते. ‘ब’ खोलीत खटखट चालूच होती. सरांनी दार ढकललं.

यंत्र जमिनीवर सुटं होऊन पडलं होतं. यंत्रवाला घामाघूम होऊन शाळेच्या जुन्या कॉम्प्युटरवर टाइप करत होता, आणि मांडीवर झाडू घेतलेली मावशी त्याला दटावत होती, "असं नाही रे, सर असं सांगत नाहीत. अठरा वर्षं दाराबाहेर बसून ऐकतेय मी."