हिल्काची सीट

ग्रोनिंगनमधल्या माझ्या सायकलींच्या दुकानात वीबे नव्या मैत्रिणीला घेऊन आला. तिला एकही सीट पसंत पडेना. एक टोचते, दुसरी कडक लागते.

शेवटी वीबेनं पिशवीतून चामड्याची जुनी सीट काढली. "बसून बसून मऊ झालीय. हीच लाव हिच्या सायकलला."

चामडं बसणाऱ्याचा आकार धरतं. मी तो खळगा लगेच ओळखला. शिसारीच आली.

"अरे, ही तुझ्या बायकोची! हिल्काची!"

"तिला आता कशाला लागतेय?"

मैत्रिणीनं टेकून पाहिलं नि खुदकन हसली. "अगदी माझ्यासाठीच केल्यासारखी!"

मेल्याला लाज नाही. सकाळीच हॉस्पिटलमधून हिल्काचा फोन आला होता, "उद्या घरी सोडतायत गं मला! वीबेला सीट घेऊन पाठवतेय, जरा तेल लावून ठेव."