उभ्या उभ्या भेट

शिंपीकाका मशीनवरून झटकन उठले की रक्तदाब घसरून डोळ्यांपुढे अंधारी येई, आणि त्या अंधारीत वारलेल्या काकू क्षणभर दारात उभ्या दिसत. रक्तदाब चढवणारी गोळी घेतली की अंधारी बंद, काकूही बंद. म्हणून काका गोळी गुपचूप कुंडीत टाकत. जन्मभर फरशीवर लोळणारी तिथली वेल आताशा पहारेकऱ्यासारखी ताठ उभी होती.

आज काकूंनी आधी वेलीकडे पाहिलं. "हिचा रक्तदाब झकास दिसतोय. तुमचं काय?"

"गोळी घेतली तर तू दिसत नाहीस गं."

"आणि पडलात तर कपाळाला टाके कोण घालणार, तुम्हीच? डॉक्टरांनी सांगितलंय तशी वेळेवर घ्या, त्यानंतर चार तास आडवे होऊ नका. मग झोपा खुशाल. स्वप्नात निवांत बसून बोलू. रोज दारात उभं राहून पाय दुखले हो माझे."