उलटा पोचा

हिराने उकळत्या पाण्याचं तिसरं पातेलं अंगणात आणलं. रघूने ते गाडीच्या पुढच्या दारावर ओतलं, मोरी तुंबली की वापरतात तो रबरी पंप पोच्यावर दाबला आणि दोन्ही हातांनी खसकन ओढला. टक्! पत्रा उडी मारून जागेवर आला.

"बघितलंस? गॅरेजवाल्याकडे चार दिवस पडून राहिली असती."

"उद्या सकाळी निघायचंय, तेवढं ध्यानात ठेवा म्हणजे झालं," हिरा नवऱ्याला म्हणाली. मुलगा निहार मुंबईला. त्याची बायको रुपाली आणि सव्वा महिन्याचं बाळ उद्या देवरूखहून, तिच्या माहेराहून घरी यायचं होतं, ते याच गाडीतून. गाडी जुनीच, पण घरात आल्याला दोनच दिवस झालेले. बॉनेटवरचं हळदकुंकू अजून ताजं होतं.

आता एकच पोचा राहिला होता. मागच्या डाव्या दारावर, खालच्या अंगाला. पाणी झालं, पंप झाला, पण पत्रा काही दाद देईना. हिराने ओल्या पत्र्यावरून तळवा फिरवला आणि झटकन हात मागे घेतला.

"हा पोचा नाय हो. हा बाहेर आलाय. उलटा."

"मग उलटा ठोकू. त्यात काय?"

त्याने गोधडीचा तुकडा लावून वरून लाकडी मोगरी मारली. पत्रा आत गेला. रघू मान वाकडी करून बघतोय तोवर, डब्, परत बाहेर. पुन्हा मारली. पुन्हा डब्. तिसऱ्यांदा मारली तेव्हा दगडी गडग्यापलीकडून शेजारचा बाबू म्हणाला, "रघूदादा, गाडीला दिवस गेलेत काय रे? किती दाबशील तिला!"

"तू तुझ्या काजी बघ, मेल्या," रघू खेकसला, पण हसला. बाबू हसत हसत आपल्या काजूच्या बागेत गेला.

हिराला हसू आलं नाही.

मोबाइलवरच्या व्हिडिओतल्या माणसाने सांगितलं होतं, पत्रा हट्टाला पेटला तर दाराचं आतलं अस्तर काढा, एकाने आतून फळी धरा आणि दुसऱ्याने बाहेरून ठोका. रघूने स्क्रू काढून अस्तर ओढलं. त्यामागून भसकन माती सांडली. राखाडी, पिठासारखी मऊ. अंगणातल्या तांबड्या मातीवर ती परक्यासारखी पडून राहिली.

हिराने चिमटीत घेऊन चोळली. "नदीचा गाळ आहे हा."

रघूने हातावरची माती झटकली. "गाडी पुरातली दिसते. एजंट काय बोलला नाय तसं. पण इंजिन झकास आहे गो. बस आत, फळी धर."

ती मागच्या सीटवर मांडी घालून बसली. त्याने बाहेरून दार लावलं. काचा बंद होत्या. आत ओल्या गोणपाटाचा वास होता. मनातल्या मनात जप सुरू करून तिने फळी पत्र्याला टेकवली. बाहेरून मोगरी बसली. पत्रा आत आला, सपाट झाला आणि तसाच राहिला.

"गेला!" रघू ओरडला. "काढ फळी!"

तिने फळी मांडीवर घेतली.

धाड्.

पत्रा पुन्हा बाहेर. धाड्. आणखी एकदा.

"अगो, लाथा कसल्या मारतेस?" बाहेरून रघूचा आवाज आला. "आत्ता तर बसवला मी!"

हिराने आपल्या पायांकडे पाहिलं. दोन्ही पाय मांडीत दुमडलेले होते.

दार उघडायची कडी तारेला लोंबत होती. तिने ओढली. दार उघडेना. पुन्हा ओढली. "उघडा," ती म्हणाली. मग मोठ्याने, "अहो, उघडा!"

रघूने दार उघडलं. "एवढी घामाघूम कशाने झालीस? चाइल्ड लॉक आहे ते. मागची दारं आतून उघडतच नाहीत. पोरंटोरं चालत्या गाडीत उघडतात ना, म्हणून. बाहेरून कोणी उघडलं तरच उघडायचं." दाराच्या कडेचा इवलासा खटका त्याने बोटाने दाखवला. "राहू दे लावलेला. आपल्या बाळाला बरंच आहे."

हिरा उतरली. जप मध्येच तुटला होता आणि कुठे तुटला ते तिला आठवेना. "या गाडीत मी बाळाला बसवणार नाय."

"मग काय एस्टीतून आणू? एवढंसं पोर?" तो दार लोटायला लागला.

तिने दार धरलं. "थांबा."

दार तिने सताड उघडलं आणि पदर सावरून बाजूला उभी राहिली. रिकाम्या सीटकडे बघत, निजलेल्या माणसाला उठवावं तशा आवाजात ती म्हणाली, "उतर बाय. पाणी ओसरलं. उतर आता."

रघू काहीतरी बोलणार होता. त्याचा एक हात गाडीच्या टपावर होता. त्या हाताखाली गाडी मागच्या अंगाने किंचित वर उचलली गेली, माणूस उतरल्यावर उचलते तशी. त्याने हात काढून घेतला.

"कोण उतरलं?"

हिराने दोरीवरची वाळलेली साडी ओढली आणि घराच्या ओटीच्या पायरीवर नेऊन ठेवली. मग पायरीकडे पाठ करून उभी राहिली.

"तुम्ही पण गडग्याकडे तोंड करा. ओलेती आहे ती," ती म्हणाली.