डनलीव्हीची जोडी

मतदानाची घंटा वाजू लागली, आणि विरोधी पक्षनेते हेक्टर ट्रेव्हास्किस सभागृहातून उठून बाहेरच्या सज्जात येऊन बसले. टोपी त्यांनी गुडघ्यावर ठेवली. फ्रीमँटल बंदराकडून रोज येणारा समुद्रवारा त्या दिवशी फिरकलाच नव्हता, आणि पर्थ नगर भट्टीसारखे तापले होते. तरीही त्यांच्या अंगावर काळा कोट होता व गळ्यात काळा टाय होता.

पक्षाचे प्रतोद कॉर्बेट त्यांच्यामागोमाग जवळजवळ धावतच आले.

"साहेब, चला आत! दारं लावतील आता."

"मी जोडीत आहे, कॉर्बेट. तुला ठाऊक आहे."

सभेचा जुना प्रघात असा, की एका बाजूचा सदस्य आजाराने अंथरुणास खिळल्यास दुसऱ्या बाजूच्या एकाने त्याच्याशी जोडी बांधावी, आणि तो येईपर्यंत आपणही मत देऊ नये. त्यास कागद नसतो. केवळ शब्द असतो. सरकार पक्षाचे मायकेल डनलीव्ही यांची फुप्फुसे खाणीच्या धुळीने गेली होती. संसार नसलेला तो मनुष्य एका खानावळीच्या माडीवर पडून होता. ट्रेव्हास्किस यांनी त्यांच्याशी जोडी बांधली होती. तरुणपणी दोघे कालगुर्लीच्या एकाच सोन्याच्या खाणीत उतरत असत. पुढे सभेत एकमेकांचे वाभाडे काढण्यात दोघांनीही कसूर केली नाही.

आज खाणकामगारांच्या भरपाईचे विधेयक मतास आले होते. ते पडले, तर सरकारही पडणार होते. सरकारचे बहुमत एका मताचे. डनलीव्ही गैरहजर आणि ट्रेव्हास्किस हजर, तर मते समसमान. आणि समसमान मते पडल्यास सभापतींनी नव्या कायद्याविरुद्ध कौल द्यावा, हाही प्रघातच. या विधेयकाने लहान खाणी बुडतील, असे ट्रेव्हास्किस यांचे प्रामाणिक मत होते. तासभर ते त्यावर तळमळीने बोलले होते.

"अहो, आज रात्री मुख्यमंत्री असाल तुम्ही!" कॉर्बेट म्हणाले. "हा काळा टाय बघून मला वाटलं, साहेब शपथविधीच्या तयारीनंच आलेत."

ट्रेव्हास्किस यांनी गुडघ्यावरची टोपी सरळ केली.

"बाकांवर बसून बसून आमच्या पाटलोणी झिजल्या, आणि तुम्ही इथं वारा खाणार? तोही सुटलेला नाही! तो डनलीव्ही आज ना उद्या जायचाच. मेला असता तर जोडी आपोआप सुटली असती. पण नाही, मरतानासुद्धा आडवा पडलाय लेकाचा."

"जा, कॉर्बेट. तुझंही मत वाया जाईल."

दारे लागली. मग आतून जयघोष उठला, आणि तो सरकारच्या बाकांवरचा होता. विधेयक एका मताने तरले.

विरोधी सदस्य बाहेर पडले. आपल्या नेत्याकडे कोणी मान वळवून पाहिले नाही. मात्र त्यांना ऐकू जाईल अशा बेताने एक जण म्हणाला, "उद्याच्या बैठकीत नवा नेता निवडू. जरा कमी सज्जन बघू."

सर्वांत शेवटी मुख्यमंत्री बर्नार्ड कीहो आले. त्यांनी टोपी काढली.

"हेक्टर, मघाशी मी तुम्हाला खाणमालकांचा पोपट म्हणालो. शब्द मागं घेतो."

"नका घेऊ. मग मलाही माझे घ्यावे लागतील, आणि ते फार आहेत."

कीहो मोठ्याने हसले. "चला, माझी गाडी उभी आहे. मिक डनलीव्हीला दोघं मिळून सांगू. ऐकलं की उठून बसेल बघा!"

"नाही बसायचा." ट्रेव्हास्किस सावकाश उभे राहिले. "मिक दुपारीच गेला. मी सूप घेऊन गेलो होतो. डोळे मीच मिटले त्याचे. खानावळवाल्या बाईंना म्हटलं, सभेत मी कळवतो. आता कळवतोय."

कीहो यांच्या हातातील टोपी हातातच राहिली.

"पण मग जोडी तर दुपारीच सुटली होती! तुम्ही आत यायला मोकळे होतात."

ट्रेव्हास्किस यांनी शोकाच्या काळ्या टायची गाठ नीट केली.

"त्याच्या बाजूनं सुटली होती," ते म्हणाले. "माझ्या बाजूनं नव्हती."