कच्चं खत

खताचा ढीग आतून थंड पडला की खत तयार झालं समजायचं, हे काकांनीच सगळ्या गल्लीला शिकवलं. लोकांच्या कुंड्या बहरल्या. काकांचं खत मात्र वर्ष झालं तरी तयार होता होईना.

"काका, तुमचंच घोडं कुठे पेंड खातंय?" शेजारीण कुंपणावरून हसली.

"आज ढीग नुसता कोमट लागला गं," म्हणत काकांनी तिच्याकडून भाजीची ताजी सालं मागून घेतली आणि लगबगीनं ढिगात कालवली.

दोन दिवसांत ढीग पुन्हा तापला. काकांनी कोपरापर्यंत हात आत खुपसला आणि डोळे मिटून घेतले.



काकू गेल्यापासून त्या घरात हात लावावा आणि ऊब लागावी, असं दुसरं काही उरलंच नव्हतं.