जायले पाच, यायले चोवीस

"पाच तास!" देवाजीनं लेकीचा मोबाइल हातभर लांब धरून जाहीर केलं. "पहाटे तीनले दिल्लीहून सुटते, सकाळी आठले टोरांटो. अवं, एस्टीले अकोल्याले लागते तितकेच!"

प्रेमिलानं मान वर केली नाही. मानेवाड्याच्या घराच्या ओसरीत ती भिवापुरी मिरच्यांचे देठ खुडत बसली होती. मेघाला कॅनडात शिकायला जायचं होतं. शिष्यवृत्ती मिळाली होती, तिकीट संध्याकाळपर्यंत राखून ठेवलं होतं. सगळं अडलं होतं ते आईच्या एका 'हो'वर, आणि आई महिनाभर एकच म्हणत होती, "लय लांब हाय."

देवाजीनं तीस वर्षं एस्टीत कंडक्टरकी केली होती. सुटायच्या आणि पोचायच्या वेळेची वजाबाकी त्याला शिकवील असा माणूस अजून जन्माला यायचा होता.

मेघाच्या ओठावर आलेलं तिथंच राहिलं. गप्प बसलं की काम फत्ते होतं. आईचा हात मिरचीवर थांबलासुद्धा होता.

"अकोल्याइतकंच?" प्रेमिलानं विचारलं. "अन् वापस यायले?"

देवाजीनं बोटानं स्क्रीन सरकवली. कपाळाला आठ्या पडल्या. "रात्री दहाले सुटते... अन् दिल्लीले दुसऱ्या दिवशी रात्री दहाले. चोवीस तास! जायले पाच अन् यायले चोवीस? काहून वं मेघा? रस्त्यात पंक्चर होते काय?"

मेघाला हसू फुटलं. पण आई तिच्याकडेच बघत होती, आणि त्या नजरेपुढे तिला खोटं रेटवेना.

"बाबा, तिथलं घड्याळ आपल्या साडेनऊ तास मागं असते. जाताना साडेचौदा तास लागतात, येतानाही तितकेच. साडेअकरा हजार किलोमीटर आहे. आई, लांबच आहे ते. खूप लांब."

देवाजीनं कपाळावर हात मारून घेतला. झालं, गेलं तिकीट!

प्रेमिलानं हातातली मिरची सुपात टाकली आणि पदर तोंडाला लावून हसू लागली. हसता हसता तिला ठसका लागला.

"तुह्या बाबानं मले तीस वर्षं सांगतलं, सातले घरी येतो. कधी नऊले आले, कधी अकराले. पोळ्या थंड करत मी बसून राहो दारात."

"गाडी लेट होत होती वं," देवाजी पुटपुटला.

"तुमचं राहू द्या." ती मेघाकडे वळली. "काढ तिकीट. फक्त यायचा टाइम मले सांगत जा, बाबाले नको. खरा टाइम माहीत असला ना वं, तर वाट पाहाले काही वाटत नाही."