शाळेच्या भिंतीवरचा माठ

ग्वाल्हेरहून शिक्षण खात्याचे साहेब येणार म्हणून इंदूरच्या शाळेच्या भिंतीवर मोठं चित्र काढायचं ठरलं: सगळ्या मोहल्ल्यांची मुलं एकाच माठातून पाणी पितायत. झाडूवाल्यांच्या बस्तीतल्या गिरजाच्या ओंजळीत एरवी शिपाई वरून पाणी ओतायचा. पण चित्रासाठी ड्रॉइंग मास्तरांनी तिला तीन दिवस शाळेच्या माठात पेला बुडवून उभं केलं.

साहेब बेहद्द खूश झाले. "भई वाह, हेच आपलं इंदूर!" भिंतीवर स्वतःला बघून गिरजा हरखली. साहेबांची मोटार फाटकाबाहेर पडली, तशी ती आपल्या हाताने पाणी घ्यायला माठाकडे निघाली. तेवढ्यात मागून हेडमास्तर शिपायावर खेकसले,



"काशीराम, तो माठ फोड आणि नवा भरून ठेव. तीन दिवस झाले, पोरं बिचारी घरून पाणी आणतायत!"